उकाईला वळसा

जुलै लागला की सुरतेत एकच प्रश्न कानावर येतो: उकाई किती झालं? उत्तर फुटांत मिळतं. ३४५ फूट म्हणजे धरण तुडुंब. ३३५ला माणसं बोलू लागतात, ३४०ला नदीकाठचे लोक तळमजल्यावरचं सामान वर न्यायचा विचार करतात. आमच्या खानदेशी घरांत याला आणखी एक जोड असते. गावाकडून फोन येतो, हतनूरचे दरवाजे उघडलेत. भुसावळजवळचं हतनूर सुटलं म्हणजे ते पाणी खाली प्रकाशा गावावरून उकाईत येणार आणि उकाईत मावलं नाही तर आपल्या दारात. तापीचं गणित असं दोन्ही टोकांनी पाठ असलेली माणसं लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत लाखांनी राहतात.

७ ऑगस्ट २००६ नंतरचे दिवस सुरत विसरलेली नाही. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि रांदेर, अडाजण, कतारगामसकट शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरणात पाणी किती ठेवायचं, कधी सोडायचं, यावर नंतर वर्षानुवर्षं वाद झाला. पण तेच पाणी सुरतेचे नळ चालवतं, हजिऱ्याचे कारखाने चालवतं, काकरापारच्या अणुभट्ट्या थंड ठेवतं आणि बारडोली-मढीचा ऊस वाढवतं. ज्या पाण्यावर आपण जगतो आणि ज्याला भितो, ते साठतं कुठे, त्याच्या पलीकडच्या काठावर कोण राहतं, हे बहुतेक सुरतकरांनी पाहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये दरवाजे उघडले की गाड्या काढून उकाईला जायचं, फेसाळतं पाणी बघायचं, भजी खाऊन संध्याकाळपर्यंत परतायचं. एवढीच ओळख.

म्हणून यंदा देवदिवाळीनंतर मोटरसायकलवरून उकाईच्या जलाशयाला पूर्ण वळसा घालायचा, असं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. हा लेख त्या तयारीचा. नकाशे, जुनी गॅझेटिअरं, ट्रकवाल्यांशी आणि नंदुरबारच्या नातेवाइकांशी झालेल्या बोलण्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

सुरुवातीला वाटलं होतं, तळ्याला वळसा म्हणजे काठाकाठाने जाणं. जगात असे रस्ते आहेत. उत्तर अमेरिकेत लेक सुपिरिअरभोवती सुमारे २,००० किलोमीटरची फेरी आहे. अमेरिका आणि कॅनडा अशा दोन देशांतून ती जाते आणि मोटरसायकलवाल्यांची ती आवडती वाट आहे. जपानमधलं बिवा तळं आपल्याला जास्त जवळचं, कारण ते ६७० चौरस किलोमीटरचं आहे आणि पूर्ण भरलेलं उकाई सुमारे ६००. दोघांचा आकार साधारण एक. बिवाभोवती सुमारे २०० किलोमीटरची काठाने जाणारी वाट आखलेली आहे, सायकलवाले ती दोन-तीन दिवसांत पुरी करतात.

उकाईभोवती तशी वाट नाही आणि ती का नाही, हे समजून घेण्यातच आमच्या तयारीचा निम्मा वेळ गेला. बिवा लाखो वर्षांचं जुनं तळं. त्याच्या काठी गावं वसली, गावांना जोडत रस्ते झाले. उकाईचं काम १९६४ साली सुरू झालं आणि १९७२ला धरण उभं राहिलं. लांबी जवळजवळ ५ किलोमीटर, २२ दरवाजे, पायथ्याशी ३०० मेगावॅटचं वीजघर. मराठी वाचकाला ओळखीच्या मापात सांगायचं तर बांधलं तेव्हा त्याची साठवण सुमारे ३०० टीएमसी होती, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ तिप्पट. गाळाने ती आता कमी झाली आहे. इतकं पाणी ज्या खोऱ्यात शिरलं, तिथले रस्ते, बाजार, शिवार आधीच नदीच्या कडेने होते. पाण्याने आधी तेच घेतलं. शिवाय या पाण्याला ठरलेला काठ नाही. ऑक्टोबरमध्ये जिथे पाणी असतं, तिथे मे महिन्यात भेगाळलेली माती असते. उताराच्या बाजूला पाणी लांबवर मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात आसपासची माणसं पिकं घेतात. जून-जुलैत पाणी परत येईपर्यंत ती जमीन त्यांची. अशा सरकत्या काठावर डांबर कोण टाकणार? त्यामुळे उकाईचा वळसा बराच लांबून घ्यावा लागतो. वाटेत पाणी दिसतं ते मोजक्या ठिकाणी. हे आधीच स्वीकारलं नाही तर निराशा होईल, असं मी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं आहे.

दुसरा मुद्दा सीमेचा. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांमधली दीडशेहून अधिक गावं गुजरातला जोडली गेली. उकाईच्या बुडिताखाली येणारा मुलूख गुजरातेत राहावा, हा त्यामागचा मोठा हिशेब होता. म्हणजे धरणाचा पहिला दगड बसण्याआधीच धरणाने राज्याची सीमा हलवली होती. उच्छल आणि निझर हे तालुके त्यातून आले. पुढे निझरमधून कुकरमुंडा वेगळा झाला. आज ते तापी जिल्ह्यात आहेत. तो जिल्हा २००७ साली सुरतेतून काढला, मुख्यालय व्यारा. निझरच्या माणसाला व्यारा लांब, जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला; नंदुरबार मात्र हाकेच्या अंतरावर. बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं नंदुरबारशी. कागद गुजराती आणि व्यवहार खानदेशी, असं तिथलं जगणं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे ही सहल नुसती सहल राहिली नाही. धरणामुळे दोन्ही राज्यांतली मिळून सुमारे १७० गावं पूर्ण किंवा अंशतः बुडाली. बहुतेक गावं आदिवासींची: वसावा, गामीत, मावची, कोकणी. तापीकाठची काळी जमीन गेली आणि बदल्यात अनेकांना डोंगरउताराची मुरमाड मिळाली. धरणाचं काम चालू असतानाच सुरतेला १९६८ साली महापूर आला होता. तसा पुन्हा येऊ नये आणि दुष्काळातही नळ कोरडा पडू नये, म्हणून या माणसांनी आपलं गाव सोडलं. सुरतेत तापीचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमीला थाटाने साजरा होतो, नदीला चुनडी वाहतात. ते योग्यच आहे. पण त्या दिवशी बुडालेल्या गावांची नावं कुणी घेत नाही. ज्या शहराने इतकं घेतलं, त्या शहरातल्या माणसाने एकदा तरी त्या गावांच्या उरलेल्या शिवारापर्यंत जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. आमचा मार्ग आखताना मी हीच कसोटी लावली.

आता मार्ग. नर्मदेची परिक्रमा करणारे नदी उजव्या हाताला ठेवतात. आम्हीही पाणी उजवीकडेच ठेवणार आहोत, म्हणजे आधी उत्तरेची बाजू. सुरतेहून कामरेज, मांडवी, झंखवाव, नेत्रंग. तिथून पूर्वेला डेडियापाडा, सागबारा. पुढे महाराष्ट्रात शिरून अक्कलकुवा, तळोदा. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी दक्षिण बाजूने उच्छल-नवापूर, सोनगड, उकाई, व्यारा, बारडोली, सुरत. एकूण साडेतीनशे ते चारशे किलोमीटरच्या दरम्यान. बुलेट दामटली तर एका दिवसातही होईल. तसं करू नये. एका दिवसात केलेल्या फेरीत फक्त डांबर बघायला मिळतं.

मांडवीपर्यंतचा पट्टा उसाचा आणि सपाट. इथे थोडी वाट वाकडी करून काकरापारचा बंधारा बघता येतो. तो उकाईच्या आधीचा, पन्नासच्या दशकातला. उकाईतून सुटलेलं पाणी इथे अडवून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वळवतात. झंखवाव सोडलं की जमीन उचलू लागते, सागाची झाडं दिसू लागतात. डेडियापाड्याच्या आसपास सातपुड्याची शेवटची टेकाडं. सकाळी सखल भागांत धुकं उतरलेलं असतं आणि रस्ता पूर्वेकडे जातो म्हणून सूर्य सरळ डोळ्यांवर येतो. हेल्मेटची काच स्वच्छ हवी, एवढ्यासाठी एक ओलं फडकं खिशात ठेवायचं.

सागबारा तालुक्यात देवमोगरा आहे. तिथली याहा मोगी ही या साऱ्या डोंगररांगेतल्या आदिवासींची आई. महाशिवरात्रीला तिच्या जत्रेला गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश असे तिन्हीकडून लोक येतात, धान्याचा पहिला वाटा तिला आणतात. आम्ही जाऊ तेव्हा जत्रा नसेल आणि ते एका अर्थी बरं. गर्दीत फोटो काढत फिरण्यापेक्षा शांतपणे नमस्कार करून पुढे निघता येईल. याच मुलखात अक्कलकुव्याकडे काठी नावाचं गाव आहे, तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध. होळीला यायचं की देवदिवाळीनंतर, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. फाल्गुनात पाणी बरंच उतरलेलं असतं, म्हणून हिवाळ्याची सुरुवातच ठरली.

सागबाऱ्याच्या पुढे महाराष्ट्र लागला की पाट्यांची लिपी बदलते, बोली बदलत नाही. वसावी दोन्हीकडे तीच. सुरतेहून निघून दीड दिवसात कानावर गुजराती, वसावी, पावरी, गुजरी, अहिराणी, मावची आणि गामीत अशा बोली पडतील. अहिराणी आणि गुजराती दोन्ही येणारा एक जण गटात असावा. आमच्याकडे त्याची कमतरता नाही.

हातोड्याचा पूल मला या सगळ्या मार्गात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नव्हता तेव्हा तळोद्याहून नंदुरबारला यायला प्रकाशाचा वळसा पडायचा. पुलावरून तापीचं पात्र दिसतं आणि तिथे गाडी बाजूला घेऊन थांबायचं आहे. धरण इथून बरंच दूर, तरी उकाई भरलं की फुगवटा नदीच्या वाटेने शंभर किलोमीटरहून लांब मागे येतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी प्रकाशालाही जाऊन यावं. तापी-गोमाईच्या संगमावरचं ते तीर्थ खानदेशात दक्षिणकाशी म्हणून ओळखलं जातं. तिथे बॅरेजवर उभं राहिलं म्हणजे सुरतेच्या पुराची बातमी कुठून निघते, ते डोळ्यांनी दिसतं. उकाईच्या वर तापीचं ६२ हजार चौरस किलोमीटरचं खोरं आहे, थेट मुलताईपासूनचं. बऱ्हाणपुरात, भुसावळात, अमळनेरात पडलेला पाऊस याच वाटेने खाली जातो.

नंदुरबारला हिवाळ्यात शिरताना आधी खाट येतो, मग गाव. लाल मिरचीचा हा मोठा बाजार. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या लागतात आणि एकरच्या एकर जमीन लाल होते. हेल्मेटची काच खाली ठेवा. जेवण म्हणजे शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, बरोबर ठेचा. मुक्कामाच्या संध्याकाळी माणिक चौकात जायचं ठरलं आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. मुलगा घरी गुजराती बोलणारा, शाळा नंदुरबारची. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास ही बाकीची नावं वाचली तरी या गावाची घडण कळते.

दुसऱ्या दिवशीच्या दोन वाटा आहेत. एक रेल्वेच्या सोबतीने खांडबारा, विसरवाडी, नवापूर. दुसरी निझरवरून उच्छलकडे, पाण्याच्या जास्त जवळून. माझं मत दुसरीच्या बाजूने आहे. रस्ता अरुंद असला तरी बुडिताच्या कडेची गावं याच बाजूला भेटतात. मासेमारी सोसायट्यांच्या होड्या, जाळी, कटला आणि रोहू, पाण्यात उभे केलेले मत्स्यपिंजरे इथेच बघायला मिळतात. जमीन गेली तेव्हा शेतकरी असलेल्या घरांनी पाणी आल्यावर मासेमारी शिकून घेतली. त्यांच्याशी बोलताना घाई करायची नाही, परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही आणि मासळी घ्यायची तर भाव न पाडता घ्यायची. हे नियम आम्ही कागदावर लिहून ठेवले आहेत, इंजिन ऑइलच्या नोंदीच्या वर.

नवापूरला रेल्वे स्टेशन बघायलाच हवं. सीमारेषा फलाटावरून जाते. एक बाक असा आहे की ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. इथून तूरडाळ घेऊन जायची. नवापूरच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते का, हे ती शिजल्यावर समजतं.

सोनगडला मात्र जास्त वेळ ठेवला आहे. हायवेवरून दिसणारा तो डोंगरी किल्ला म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचं मूळ ठाणं. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात इथे पाय रोवला आणि इथूनच गुजरातेत चौथाई वसूल केली. १७३२ साली डाकोरला त्यांचा खून झाला. त्यानंतरही तीसेक वर्षं गायकवाडांचं बिऱ्हाड सोनगडलाच होतं. सुरतेतल्या मराठी मुलांना शाळेत बडोदा शिकवतात, सोनगड नाही. सयाजीराव महाराजांनी १८८०च्या दशकात आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली, तीही सोनगडलाच. देशात असं काही करण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. गायकवाडांचाच वाजपूरचा किल्ला उकाईच्या पोटात आहे. पाणी फार उतरलं की त्याच्या भिंती वर येतात आणि होडीवाले लोकांना दाखवायला नेतात. आम्ही जाऊ तेव्हा तो बुडालेलाच असणार.

उकाईला धरणाच्या माथ्यावर जायला परवानगी लागते. ती आधी काढलेली बरी. नाही मिळाली तर खालून पाहायचं. दोन दिवस पाण्याच्या मागे फिरून आल्यावर ती भिंत वेगळी दिसेल, अशी माझी खात्री आहे.

गाडीबद्दल फार विचारलं जातं, म्हणून थोडं. या फेरीला मोठी गाडी लागत नाही. स्प्लेंडरची टाकी दहाएक लिटरची; लिटरला साठच्या आसपास धावली तर एका टाकीत सगळा वळसा होतो. क्लासिक ३५० किंवा हिमालयनवाल्यांनी नवापूरच्या अलीकडे-पलीकडे भाव बघून टाकी भरावी. गुजरातेत पेट्रोल स्वस्त आहे, म्हणून नंदुरबार जिल्ह्यातले लोकही सीमेपलीकडच्या पंपावर येतात. निघण्याआधी चेन घट्ट करून तिला तेल, ब्रेकच्या शू बघणं, हवा तपासणं, एक जादा क्लच वायर आणि ट्यूबवाली चाकं असतील तर एक ट्यूब. डेडियापाडा ते अक्कलकुवा या टप्प्यात पंक्चरवाला प्रत्येक फाट्यावर भेटेल असं धरून चालू नये. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स मोबाइलवर असलं तरी कागदाची प्रत ठेवा, कारण डोंगरात नेटवर्क जातं. आणि महाराष्ट्रातून परतताना बॅगेत बाटली नको. गुजरातेत दारूबंदी आहे, सोनगडच्या बाजूला गाड्या थांबवून डिक्क्या उघडतात आणि एका बाटलीपायी गाडी जप्त होते.

राहिला ऊस. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेतले सहकारी साखर कारखाने सुरू होतात, बारडोली, मढी, चलथाण, सायण. त्यांचा ऊस तोडायला नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगातून हजारो कुटुंबं उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडत एप्रिलपर्यंत शेताच्या बांधावर प्लास्टिकच्या पालात राहायचं. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीच्या आसपास या खानदेशी तोडणीवाल्यांचं जगणं नोंदवलं. इतक्या वर्षांनंतरही तांडे येतातच. आम्ही पूर्वेकडे निघू तेव्हा समोरून येणाऱ्या ट्रकांत भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं घेऊन हीच माणसं बसलेली असतील. उकाईच्या पाण्याने वाढलेला ऊस तोडायला उकाईच्या काठची माणसं येतात. यातल्या काहींच्या आजोबांची जमीन त्या पाण्याखाली असेल. हे एवढं ठाऊक असलं तर समोरच्या ट्रकला हॉर्न मारण्याआधी हात थांबतो.

ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात, आणि सांडलेल्या उसाच्या चिपाडावर पुढचं चाक सहज घसरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी उकाई दुपारी तीनच्या आत सोडायचं ठरलं आहे. व्यारा ते बारडोली हा पट्टा उजेडातच पार करायचा, वेग पन्नासच्या आत, आणि एकामागे एक.